गाडी धुतली आणि इंजिनचा दिवा लागला: आता काय करायचं?



मार्च संपत आला की इथे न्यू जर्सीत दोन गोष्टी हमखास दिसतात. देशी दुकानांत पाडव्यासाठी साखरेच्या गाठी येतात आणि कार वॉशच्या बाहेर गाड्यांची रांग लागते. हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाला चिकटून बसलेलं असतं, ते धुवायचं असतं. त्या रांगेत चार महिने गराजमध्ये झाकून ठेवलेल्या दोन दारांच्या देखण्या स्पोर्ट्स कारही असतात. आपल्या मराठी मंडळींत अशा गाड्या आता बऱ्याच दिसायला लागल्या आहेत. मुलं कॉलेजला गेली, घराचे हप्ते हलके झाले, की तरुणपणी पोस्टरवर पाहिलेली गाडी सेकंड हँड का होईना, दारात येते.

अशाच एका श्रोत्यांचा प्रश्न आज घेऊ. त्यांच्याकडे सहा सिलिंडरची, बारा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार आहे. कार वॉशमध्ये त्यांनी खालून धुण्याचा आणि इंजिन धुण्याचा, असे दोन्ही पर्याय घेतले. बाहेर पडून मैलभर आले नाहीत तोच गाडी थरथरायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. घरी पोहोचेपर्यंत लुकलुकणं थांबलं, पण दिवा लागलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी मस्त चालते, दिवा मात्र जात नाही. एक मित्र म्हणाला, "बॅटरीची वायर काढून परत लाव, दिवा जाईल." दुसरा म्हणाला, "इंजिनात पाणी गेलं, आता मोठा खर्च!" डीलरकडे फोन केला तर नुसतं तपासायचेच दीडशे-दोनशे डॉलर सांगितले. आता खरं कोणाचं मानायचं?

सुरुवातीलाच सांगतो, माझा व्यवसाय आयटी सल्लागाराचा आहे, मेकॅनिकचा नाही. पण आजची गाडी म्हणजे चाकांवरचं संगणकांचं जाळं आहे. सर्व्हर बंद पडला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. नुकतंच काय बदललं? लॉगमध्ये काय नोंद आहे? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बिघाड कुठे सरकतो? या तीन प्रश्नांवरच आजचा सगळा कार्यक्रम उभा आहे.

दिवा नेमकं काय सांगतो

अमेरिकेत 1996 पासूनच्या प्रत्येक गाडीत ओबीडी-2 नावाची तपासयंत्रणा असणं बंधनकारक आहे. युरोपात पेट्रोल गाड्यांना तसाच नियम 2001 मध्ये लागू झाला. या यंत्रणेचा मूळ हेतू हवेचं प्रदूषण रोखणं हा आहे. म्हणजे इंजिनचा पिवळा दिवा लागतो तेव्हा गाडी म्हणत असते, "माझ्या धुरात नको ते जाण्याची शक्यता आहे, कोणीतरी बघा." ते कारण झाकण सैल असण्याइतकं किरकोळ असेल किंवा सिलिंडर बंद पडण्याइतकं गंभीर असेल. दिवा एकच, कारणं शेकडो.

म्हणून रंग आणि लुकलुकणं या दोन गोष्टी आधी बघायच्या.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर शांतपणे घरी जा आणि एक-दोन दिवसांत तपासून घ्या.

पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनमध्ये मिसफायर चालू आहे आणि तोही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा करण्याइतका. ताबडतोब वेग कमी करा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा.

लाल दिवा, म्हणजे तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा, हा वेगळा विषय आहे. तो लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. घर दोन मैलांवर असलं तरी.

हे तीन नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवेत. आपली सतरा-अठरा वर्षांची मुलं रात्री टर्नपाइकवरून एकटी येतात आणि फोन करतात, "बाबा, कसला तरी दिवा लागलाय." त्या वेळी घाबरून "कुठे आहेस, काय केलंस" असं विचारण्यापेक्षा चार प्रश्न विचारा. दिवा कोणत्या रंगाचा? लुकलुकतोय की स्थिर? गाडी थरथरतेय का? कसला वास येतोय का? या चार उत्तरांवर टो ट्रक बोलवायचा की हळूहळू घरी यायचं, हे ठरवता येतं.

मिसफायर म्हणजे काय, आणि तो गाडीला कळतो कसा

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण येतं, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि स्फोट होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सहा सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला नऊ हजार स्फोट होतात. त्यातला एखादा हुकला की तो मिसफायर.

आता नऊ हजारांतला एक हुकलेला गाडीला कळतो कसा? ढोल-ताशा पथक आठवा. चाळीस ढोल एका ठेक्यात वाजत असतात आणि एकाचा ठोका चुकला तर पुढे उभ्या ताशेवाल्याला तो लगेच जाणवतो. इंजिनमध्ये हे काम क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर करतो. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला एक छोटा धक्का मिळतो आणि त्याचा वेग किंचित वाढतो. एखाद्या सिलिंडरचा धक्का आला नाही, तर त्या क्षणी वेग किंचित पडतो. कोणत्या क्षणी कोणत्या सिलिंडरची पाळी होती हे संगणकाला माहीत असतं. म्हणून तो नुसतं "मिसफायर झाला" असं म्हणत नाही, तर "दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये झाला" असंही सांगतो.

न जळलेलं पेट्रोल मग जातं कुठे? ते थेट धुराच्या नळीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. हा कन्व्हर्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेली सिरॅमिकची वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर असतो. ती आधीच चांगली तापलेली असते. तिच्यात कच्चं पेट्रोल जाऊन पेटलं की तापमान भडकतं आणि आतलं पोळं वितळू लागतं. पन्नास-शंभर डॉलरच्या कॉइलचं दुखणं दुर्लक्ष केल्यामुळे हजारो डॉलरच्या कन्व्हर्टरपर्यंत जातं, ते असं. लुकलुकणाऱ्या दिव्याची घाई का करायची, त्याचं उत्तर हे आहे.

पाण्याचा संबंध कुठे येतो

"इंजिनात पाणी गेलं" हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. सिलिंडरच्या आत पाणी शिरणं ही खरोखर भयंकर गोष्ट आहे. पुराच्या पाण्यात गाडी घातली आणि हवा खेचायच्या नळीतून पाणी आत गेलं, तर इंजिन जाग्यावर अडकतं, आतले दांडे वाकतात. तशा वेळी पुन्हा स्टार्ट करण्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नसतो. पण कार वॉशमध्ये असं सहसा होत नाही. तिथे पाणी शिरतं ते इंजिनच्या बाहेरच्या विजेच्या भागांत.

त्यातला मुख्य संशयित म्हणजे इग्निशन कॉइल. बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करून स्पार्क प्लगला देणारा हा भाग आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते आणि दोघांना जोडणारा रबरी बूट प्लगवर घट्ट बसतो. हे रबर नवं असतं तोवर पाणी आत जात नाही. बारा वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजल्यावर ते कडक होतं, त्याला चिरा पडतात. कॉइलच्या प्लॅस्टिकलाही बारीक तडे जातात. एरवी कोरड्या हवेत हे सगळं निभावून जातं. पण जोरात मारलेलं पाणी त्या तड्यांत शिरलं की विजेला जवळची वाट मिळते. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी बुटातून बाहेर पडून इंजिनच्या धातूवर उडते. सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही आणि गाडी थरथरते.

शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, पण कार वॉशच्या पाण्यात साबण असतो आणि आपल्या गाडीवरचं हिवाळ्याचं मीठ त्यात विरघळलेलं असतं. खारट, साबणाचं पाणी वीज व्यवस्थित वाहून नेतं. म्हणून साध्या पावसात काही होत नाही आणि पहिल्या वसंत ऋतूतल्या धुण्यात मात्र गाडी खोकायला लागते.

स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त का घडतं? एक म्हणजे बांधणी. पोर्शाच्या 911 आणि बॉक्सटरसारख्या गाड्यांत इंजिन मागे किंवा मध्ये असतं आणि त्याचे सिलिंडर आडवे झोपलेले असतात. त्यामुळे कॉइल वर सुरक्षित नसून इंजिनच्या दोन्ही कुशींना, रस्त्याजवळ असतात. खालून मारलेलं पाणी तिथे सहज पोहोचतं. माझदाच्या छोट्या एमएक्स-5 मियाटात उलटं आहे. तिथे प्लग वरून उभ्या खड्ड्यांत बसवलेले असतात, बॉनेट उघडून पाणी मारलं तर ते त्या खड्ड्यांत साचून राहतं. दुसरं कारण म्हणजे वापर. अशी गाडी महिनोन्‌महिने उभी असते आणि धुतली मात्र मन लावून जाते!

कावळा बसला म्हणूनच फांदी मोडली का?

इथे थोडं थांबू. "धुतल्यावर दिवा लागला" याचा अर्थ "धुतल्यामुळे लागला" असा होईलच असं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडू शकते.

न्यू जर्सीतलंच उदाहरण घ्या. आपल्याकडे पेट्रोल स्वतः भरता येत नाही, पंपावरचा माणूस भरतो. 1949 पासूनचा कायदा आहे. धुवायला जाताना टाकी भरली आणि त्याने झाकण नीट फिरवलं नाही, तर पेट्रोलची वाफ निसटते आणि इंजिनचा दिवा लागतो. मात्र इथे एक खूण आहे. ही वाफेची तपासणी गाडी ठराविक परिस्थितीतच करते, सहसा थंड इंजिन सुरू केल्यावर आणि टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नसताना. त्यामुळे झाकणाचा दिवा लगेच लागत नाही, काही दिवसांनी लागतो आणि गाडी अजिबात थरथरत नाही.

दुसरी शक्यता एअर फिल्टरची. तो भिजला किंवा त्याच्या पुढचा हवा मोजणारा सेन्सर ओला झाला, तर संगणकाचा हवेचा हिशेब चुकतो. गाडी सुस्त होते, पण एका सिलिंडरचं नाव पुढे येत नाही.

तिसरी शक्यता, दिवा इंजिनचा नसेलच. चाकांजवळचे वेग मोजणारे सेन्सर ओले झाले, तर एबीएसचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागतो. तोही पिवळाच असतो, पण चिन्ह वेगळं असतं. मॅन्युअल उघडून चित्र जुळवा.

आणि चौथी शक्यता, कॉइल महिन्यांपासून मरायला टेकलेली होती, पाण्याने फक्त शेवटचा धक्का दिला. आपल्या श्रोत्यांच्या बाबतीत मला हीच सगळ्यात दाट वाटते. त्यांची लक्षणं एकमेकांशी जुळतात: बाहेर पडल्यावर लगेच थरथर, लुकलुकणारा दिवा आणि कोरडं झाल्यावर आराम. पण वाटणं वेगळं आणि नोंद वेगळी. म्हणून आता लॉग वाचायचा.

आधी वाचा, मग पुसा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचं छोटं यंत्र वीस-तीस डॉलरपासून मिळतं आणि ब्लूटूथने फोनवर माहिती देतं. ते नको असेल तर ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं फुकटात कोड वाचून देतात. दुकानदाराला एकच सांगायचं: "फक्त वाचा, पुसू नका." कोड फोनवर फोटो काढून ठेवा.

कोड दिसायला गूढ असतो, पण वाचायला सोपा आहे. समजा, पी-0302 आला. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. त्यानंतरचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायरचा गट. शेवटचे दोन आकडे म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी-0300 आला तर मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही, इकडे तिकडे होतोय. पी-0171 म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी-0457 बहुधा सैल झाकणाकडे बोट दाखवतो. पी-0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी शंका.

पण लक्षात घ्या, कोड हे निदान नव्हे. कोड म्हणजे ताप. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, कशाने आला ते डॉक्टर शोधतो. पी-0302 पाहून कोणी सरळ दोन नंबरची कॉइल, प्लग, इंजेक्टर असं सगळंच बदललं, तर खर्च तिप्पट होतो आणि खरा दोषी कोण ते कळत नाही. पी-0420 पाहून कन्व्हर्टर बदलणं आणि मूळ मिसफायर तसाच ठेवणं, याला तर आपल्याकडे "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" म्हणतात. नवा कन्व्हर्टरही त्याच मार्गाने जाईल.

कोडबरोबर आणखी एक खजिना असतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष नोंदला त्या क्षणाचा तो फोटोच समजा. इंजिनचे फेरे किती होते, वेग किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनवर भार किती. श्रोत्यांच्या गाडीत मिसफायर कमी वेगात झाला की ॲक्सिलरेटर दाबताना झाला, हे मेकॅनिकला यातून कळेल. बॅटरीची वायर काढली तर हा फोटो कायमचा जातो. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळल्यावर लॉग न वाचता रीस्टार्ट करणाऱ्याला जे ऐकून घ्यावं लागतं, ते मी रेडिओवर सांगू शकत नाही!

एका वेळी एकच बदल

आता निदान. समजा, कोड पी-0302 आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरी डिस्कनेक्ट करण्याच्या आधी कोड नोंदवून झालेले असताना, दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावायची आणि तीनची दोनवर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मग कोड पुसून गाडी चालवायची. मिसफायर परत आला आणि कोड पी-0303 झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. दोषी सापडला. कोड पी-0302 च राहिला, तर कॉइल निर्दोष आहे. मग हीच अदलाबदल प्लगची करायची. तरीही दोष दोन नंबरला चिकटून राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग आणि शेवटी सिलिंडरचा दाब तपासायचा. फुकटात होणारी तपासणी आधी, महागडी शेवटी.

पाण्याच्या दुखण्यात एक अडचण आहे. गाडी कोरडी झाली की दोष लपतो. गॅरेजमध्ये नेल्यावर ती साळसूदपणे चालते आणि मेकॅनिक म्हणतो, "काहीच सापडलं नाही." म्हणून त्याला सांगायला हवं की हे धुतल्यानंतरच झालं. अनुभवी मेकॅनिक चालू इंजिनवर बारीक फवारा मारून कुठे ठिणगी उडते ते पाहतो. हे घरी करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि तप्त, फिरते भाग असतात.

कॉइल काढल्यावर डोळ्यांनीही बरंच कळतं. बुटावर किंवा प्लगच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून वीज निसटत होती. ही रेघ जळून तयार झालेल्या कार्बनची असते आणि कार्बन वीज वाहून नेतो. म्हणजे पाणी सुकलं तरी वाट तयारच राहते, त्यामुळे असा बूट पुसून परत लावण्यात अर्थ नाही, बदलायचाच. प्लगच्या खड्ड्यात पाणी दिसलं तर कापडाने टिपा आणि हवेच्या झोताने कोरडं करा. तिथे पाण्याऐवजी तेल दिसलं, तर वरच्या कव्हरचं गास्केट गळतंय. तेलाने रबर मऊ होतं आणि मग पाण्याला दार उघडं मिळतं. नुसती कॉइल बदलून तेल तसंच ठेवलं, तर वर्षभरात पुन्हा तेच.

एका कॉइलला तडा गेला असेल, तर बाकीच्या पाचही तितक्याच वर्षांच्या आहेत, हेही लक्षात ठेवा. सहाही एकदम बदलायच्या की एकच, हा निर्णय मजुरीवर ठरवा. हात सहज पोहोचत असेल तर एक बदला, बाकी तपासून ठेवा. गाडी उचलून, चाकं काढून जावं लागत असेल आणि मजुरीच कॉइलपेक्षा जास्त असेल, तर एकदाच सगळ्या बदलणं स्वस्त पडतं.

गाडी बरी झाली, दिवा का जात नाही?

श्रोत्यांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. दिवा लावण्याचे आणि विझवण्याचे नियम वेगळे आहेत. गंभीर मिसफायरला दिवा त्या क्षणी लुकलुकतो. बहुतेक इतर दोष दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसले की दिवा लागतो. विझण्यासाठी मात्र साधारण सलग तीन फेऱ्या त्या तपासणीत निर्दोष जाव्या लागतात. त्यानंतरही कोड स्मृतीत राहतो आणि इंजिन चाळीस वेळा थंड होऊन गरम झालं, दोष परत आला नाही, की पुसला जातो. म्हणजे दुसऱ्याच दिवशी दिवा असणं हे नैसर्गिक आहे.

मग बॅटरीची वायर काढली तर? दिवा जाईल, पण गाडीची स्वतःची तपासणी-पत्रिकाही कोरी होईल. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या इन्स्पेक्शनमध्ये याच सॉकेटला यंत्र लावतात. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. दिवा नाही पण पत्रिका कोरी असेल, तरीही गाडी परत पाठवतात, कारण अंतर्गत तपासण्या पूर्ण झालेल्या नसतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं साधं, मिश्र ड्रायव्हिंग लागतं. शिवाय 2010 च्या आसपासच्या आणि नंतरच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोडही असतात. ते यंत्राने किंवा बॅटरी काढून पुसले जात नाहीत, दोष खरंच गेला हे गाडीने स्वतः पाहिल्यावरच जातात. ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी सांगतो, 2018 पासून तिथेही इंजिनचा दिवा लागलेला असेल तर एमओटीत गाडी नापास होते.

गॅरेजच्या काउंटरवर

पुण्या-मुंबईत आपला एक ठरलेला गॅरेजवाला असायचा. गाडीचा आवाज ऐकूनच तो म्हणायचा, "साहेब, ठेवून जा." इथे काउंटरवरच्या माणसाला आपण आणि आपल्याला तो अनोळखी. त्यामुळे आपली माहिती जितकी नेमकी, तितका आपला खर्च कमी. "इंजिनचा दिवा लागलाय, बघा" असं म्हणू नका. असं सांगा: "इंजिन धुतल्यावर पाच मिनिटांत गाडी थरथरली, दिवा लुकलुकला. कोड हा होता. कॉइल तपासून आधी अंदाज सांगा, मी होकार दिल्याशिवाय कुठलाही भाग बदलू नका. आणि काढलेला भाग मला परत द्या."

तपासणीचे दीडशे डॉलर खुपतात, हे मान्य. पण हिशेब असा करा. अंदाजाने तीन भाग बदलण्यापेक्षा एकदा नीट निदान स्वस्त पडतं. ती रक्कम दुरुस्तीच्या बिलात वळती होते का, तेही आधीच विचारा. बरेच जण करतात.

वॉरंटीचंही पाहा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नियमानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनचा मुख्य संगणक यांवर आठ वर्षं किंवा 80,000 मैल, यांतलं जे आधी होईल तोवर उत्पादकाची हमी असते. श्रोत्यांची गाडी बारा वर्षांची, तिला हे लागू नाही. पण तुमची सहा-सात वर्षांची असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. ही हमी गाडीची असते, त्यामुळे सेकंड हँड मालकालाही मिळते.

पुढच्या वेळी धुताना

बाहेरून आणि खालून गाडी जरूर धुवा, मीठ काढायलाच हवं. इंजिनवर मात्र दाबाचं पाणी मारू नका. दसऱ्याला हार घालण्याआधी बॉनेट उघडून लख्ख करायची हौस आपल्याला असतेच. ती ओलसर कापडाने भागवा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी कधीच नको. कार वॉशच्या यादीतला इंजिन धुण्याचा पर्याय सोडून द्या. आणि धुतल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, इंजिनच्या उबेने पाणी उडून जाऊ दे, मग गराजमध्ये लावा.

आणि आपल्या श्रोत्यांना थेट उत्तर: दिवा स्थिर आहे, गाडी नीट चालते, म्हणजे घाबरायचं कारण नाही. बॅटरीला हात लावू नका. या शनिवारी कोड वाचून घ्या. एकाच सिलिंडरचं नाव आलं तर त्या कॉइलची अदलाबदल करून पाहा किंवा करून घ्या. तोवर गाडी पावसात काढू नका आणि दिवा पुन्हा लुकलुकला तर तिथेच थांबून टो ट्रक बोलवा. कोणता कोड निघाला ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.

पाडव्याच्या शुभेच्छा, श्रोतेहो. गाडी जपून चालवा. नमस्कार!